आता पुरे, आहे त्यात समाधान, असं कधी वाटलं? तुमचे अनुभव सांगा

मोल्डरचा_मुलगा

परवा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण झाला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लोक शेतातलं-परसातलं जे असेल ते आणून वेदीपुढं ठेवतात. ऊस, भोपळे, गूळ, अंडी, एखादी कोंबडीसुद्धा. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. यंदा एका दुधी भोपळ्यावर दोन काकांची अशी जुंपली की बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र आप्पांची फार आठवण आली.

आप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा काळ्या वाळूनं फक्त डोळे तेवढे पांढरे. लिलावात दरवर्षी ते एकच वस्तू घ्यायचे आणि घरी पोचायच्या आत वाटेत कुणाला तरी देऊन टाकायचे. आम्ही पोरं हात चोळत राहायचो.

एकदा मालकांनी रविवारची पाळी दुप्पट पैशानं देऊ केली. आप्पा नको म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही. घर दोन खोल्यांचं, आम्ही चौघं भावंडं, शाळेच्या फिया, तिचं काय चुकलं? आप्पांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "सहा दिवस भट्टीला दिले, सातवा विकायचा न्हाई."

आणि रात्री जेवायच्या आधीची त्यांची प्रार्थना! दिवसभरात मिळालेलं एकेक नाव घेऊन सांगायचे. धाकट्याचा ताप उतरला. लाईट आली. शेजाऱ्यानं सायकल दिली. मिरचीचा खर्डा झकास झालाय. आम्ही भुकेनं चुळबुळत असायचो, पण देवाला सांगायला इतकं काही आहे म्हटल्यावर आपण गरीब आहोत हे मला बरीच वर्षं कळलंच नाही.

तुमच्या घरी असं कुणी होतं का? किंवा तुमचं तुम्हालाच कधी "पुरे, एवढं बास" असं प्रभूसमोर वाटलं का? उपदेश नको, घडलेलं लिहा.

रंकाळ्याची_सर

रडवलंस रे. कुकर लावलाय, येते परत.

बावड्याचा_पैलवान

भोपळा कितीला गेला ते सांगितलंच नाही 😀

मोल्डरचा_मुलगा

@पैलवान, आकडा सांगितला तर दोन्ही काकू मला घरात घ्यायच्या नाहीत.

पांढरी_टोपी

मी नर्स. मिरजेला वॉन्लेस हॉस्पिटलच्या आवारात राहून शिकले. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेलं हॉस्पिटल, आमच्या आजीची प्रसूतीही तिथलीच. आमच्या बॅचच्या कितीतरी जणी आखातात गेल्या. दर सुट्टीला नवी बॅग, नवा सेंट, घराला वरचा मजला. मीही कागद केले होते, मुलाखत झाली होती, होकारही आला होता.

त्याच आठवड्यात रात्रपाळीला एक म्हातारे होते, गडहिंग्लजकडचे. पोट फुगलेलं, वेदना खूप. पहाटे मी त्यांना स्पंज करत होते तर ते हळू आवाजात स्तोत्र म्हणायला लागले. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." अंगावर हॉस्पिटलचा शर्ट, उशाला एक पिशवी, भेटायला कुणी नाही. मला वाटलं ह्यांना तर सगळंच उणं आहे. विचारलं, काही पाहिजे का बाबा? म्हणाले, "तू हैस की."

मी गेले नाही. गेल्या त्या चुकल्या असं अजिबात म्हणत नाही, त्यांच्या पैशावर भावंडं शिकली, बापाची कर्जं फिटली. पण माझी जी घालमेल चालली होती ती त्या पहाटे बसली, ती पुन्हा उठली नाही. पगार बेताचाच राहिला. रिटायर होताना वॉर्डबॉयपासून सगळे गेटपर्यंत आले होते.

शुक्रवारपेठ

2019 चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 च्या वर गेलं हे इथं कुणाला सांगायला नको. आमच्या घरात छातीएवढं. नवीन सोफा, शोकेस, मिसेसच्या साड्यांचं कपाट. हप्ते चालू होते त्यांचे.

आम्ही ओळखीच्यांच्या हॉलवर होतो. हायवे शिरोलीपाशी बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. गावात चहूबाजूला पाणी आणि प्यायला थेंब नाही. एका सकाळी कुठून तरी दुधाच्या पिशव्या आल्या. काहींनी पोरंबाळं आहेत म्हणून चार-चार उचलल्या. फ्रीज कुठला चालणार? संध्याकाळपर्यंत सगळं नासलं. एक आजी होत्या, संडे स्कूलच्या जुन्या टीचर. त्या कुणाला रागावल्या नाहीत. पोरांना गोळा करून बायबलातल्या मान्न्याची, देवानं दिलेल्या अन्नाची, गोष्ट सांगितली. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळायचा, माणशी एक ओमर, म्हणजे तेव्हाचं एक माप. ज्यानं जास्त गोळा केला त्याचा उरला नाही, ज्यानं कमी केला त्याला कमी पडला नाही, आणि उद्यासाठी ठेवला त्याला किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, तेवढा टिकायचा. पोरांपेक्षा आम्ही मोठेच गप्प होऊन ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी पिशव्या आल्या तर लोक स्वतःहून विचारायला लागले, तुमच्या घरात किती माणसं?

घर परत लावलं. सोफा घेतला नाही. 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा दोन बॅगा आणि पवित्र शास्त्र उचलून तासाभरात बाहेर पडलो. झोप लागली त्या रात्री. ही झोप 2019 ला नव्हती.

रंकाळ्याची_सर

आमच्याकडं पाणी जिन्यापर्यंत 😔 ते दिवस नकोत रे बाबा.

बावड्याचा_पैलवान

2019 ला आम्ही तालमीची पोरं होडी घेऊन फिरत होतो. शुक्रवार पेठेतच. तुमच्याकडं पांढरं कुत्रं होतं का ओ?

शुक्रवारपेठ

होतं की! मोती. तुम्हीच काढलं काय त्याला??

बावड्याचा_पैलवान

चावलं मला 😀 पण काढलं.

युनियनवाला

सगळं छान आहे. पण मला एक टोचतं, स्पष्ट लिहितो. मीही ख्रिस्तीच. आमच्या कारखान्यात सहा-सात महिने पगार थकला होता तेव्हा एका पाहुण्या वक्त्यानं येऊन "आहे त्यात संतुष्ट राहा" यावर तासभर सांगितलं. समोर बसलेल्यांच्या घरी किराणा उधारीवर. समाधान म्हणजे हात बांधून बसणं असेल तर ते मला नको.

मोल्डरचा_मुलगा

@युनियनवाला, बरं झालं लिहिलंत. आप्पाही मोर्चात होते बरं का. रविवार विकला नाही तसा बोनसही सोडला नाही.

पाळकांची_लेक

युनियनवाले दादा, त्या वक्त्यांनी बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायला हवा होता. शेत कापणाऱ्यांची मजुरी धन्यानं अडवून ठेवली, ती मजुरीच ओरडते आहे आणि कापणाऱ्यांची आरोळी देवाच्या कानी गेली आहे, असं तिथं सरळ लिहिलंय. ज्याचे पैसे दुसऱ्यानं दाबलेत त्याला समाधान शिकवायचं नसतं. ते दाबणाऱ्याला शिकवायचं.

आणि समाधानाबद्दल प्रेषित पौलाचं म्हणाल तर आमचे बाबा नेहमी दाखवायचे, भरपूर असो की टंचाई असो मी तृप्त राहायला शिकलोय, हे त्यानं फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलं ते तुरुंगातून. आणि कशासाठी? त्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली होती तिचे आभार मानायला. म्हणजे मदत घेतली, मनापासून आभार मानले, आणि ती आली नसती तरी माझा प्रभू होताच, हेही सांगितलं. शिवाय हा माणूस स्वतः तंबू शिवून पोट भरणारा. हात बांधून बसणाऱ्यातला नव्हेच. "शिकलोय" म्हणतो तो, म्हणजे त्यालाही ते एका रात्रीत आलेलं नाही. मला ह्याचा फार आधार वाटतो.

पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, घरात वाढले म्हणून सांगते, आमच्याकडं महिनाअखेर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पण दारात आलेला माणूस चहाशिवाय गेला नाही. साखर संपली की आई गुळाचा करायची आणि कोल्हापूरचा गूळ आहे म्हणून मिरवायची.

युनियनवाला

याकोब 5. वाचला आत्ता. धन्यवाद ताई. पगार नंतर मिळाला, भांडूनच मिळाला. कारखान्याबाहेर बसलो होतो तेव्हा मंडळीतल्या बायका डबे आणायच्या. ते मी विसरलो नाही.

आळंदीकर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. वाचतोय आणि आमच्याच आजोबांचं वाटतंय. तुकोबांनीही हेच सांगितलं. एक विचारू का, कोल्हापुरात तुमची मंडळी कधीपासून?

पाळकांची_लेक

या या, स्वागत. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले, तिथपासून. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. मधली काही वर्षं ते कुठल्याही मिशनच्या पाठबळाशिवाय इथं काम करत होते, 1870 पासून प्रेस्बिटेरियन मिशनकडं काम गेलं.

आणि तुकोबांचं म्हणाल तर रेव्हरंड टिळक, नारायण वामन, म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी 1917 ला मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. त्या वयात बांधलेला पगार सोडायचा म्हणजे केवढा विश्वास पाहिजे!

आळंदीकर

हे माहीत नव्हतं. घरी सांगतो.

गुजरीची_वाट

मी लग्न होऊन कोल्हापुरात आलो तेव्हा दोन्ही जावांच्या गळ्यात साज होता, माझ्या नव्हता. प्रत्येक लग्नात माझा हात आपोआप गळ्याकडं जायचा. ह्यांच्या मागं लागून भिशी लावली, त्यातच जीव अडकलेला.

सासूबाईंचा एक डबा होता. रोज भाकरीचं पीठ काढताना एक मूठ त्यात. महिन्यानं तो कुणाकडं तरी जायचा. कुणाकडं, ते सांगायच्या नाहीत. शेवटच्या आजारपणात म्हणाल्या, आता तू नेत जा. पहिल्यांदा पत्त्यावर गेलो तर ती माझ्याच धाकट्या पोराच्या वर्गातली मुलगी, तिची आई अंथरुणाला. ती पोर पिठात हात घालून वास घेऊन म्हणाली, "चांगलं हाय काकू."

भिशी लागली. साज केला नाही असं नाही, केला, पण हलका. उरलेले त्या घरी गेले. ह्यांना विचारलं तर म्हणाले मी कशाला नको म्हणू. आता लग्नात हात गळ्याकडं जात नाही.

रंकाळ्याची_सर

काकू 🙏 पीठ कुठल्या चक्कीचं आणता? आमच्या चक्कीवाल्यानं ज्वारी पार कचकचीत केली.

गुजरीची_वाट

घरची घंटी हाय गं. शनिवारी घेऊन ये, देतो दळून.

हिंजवडी_ते_कावळा_नाका

पुण्यात आयटीत. शुक्रवारची गाडी पकडून घरी येतो कधीकधी. टीममध्ये प्रत्येकजण दुसऱ्या फ्लॅटचं बोलतोय. मी बायबलातल्या नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली आगूराची प्रार्थना लॅपटॉपवर चिकटवलीय. मला दरिद्री करू नको, श्रीमंतही करू नको, गरजेपुरतं अन्न दे. फार झालं तर मी तुला विसरेन आणि कमी पडलं तर चोरी करेन. इतकी प्रामाणिक प्रार्थना मी दुसरी वाचलेली नाही. प्रमोशन आलं तर घेणार आहेच. बस आली, बाय.

एकटीच_वाचते

तुमचं सगळ्यांचं वाचून हेवा वाटतोय. मला नाही जमत. मिस्टरांचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा. रोज प्रार्थनेला बसते आणि मागतच राहते, आभार मानायला तोंड उघडत नाही. समाधान वगैरे लांबच.

मोल्डरचा_मुलगा

ताई, मागा. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हेही मागणंच आहे की, आणि ते प्रभूनंच शिकवलंय. स्तोत्रांत रडणंही कितीतरी आहे. आभार आत्ता नाही आले तरी चालतील. आम्ही आहोत तोवर तुमच्या वतीनं मानायला.

पांढरी_टोपी

बाळा, डायलिसिस कुठं चाललंय ते मला वैयक्तिक निरोपात कळव. सरकारी योजनेचं कार्ड काढलंय का? नसेल तर रेशन कार्ड, आधार आणि आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये लाव, हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीवर मी बरोबर येते. पाणी मोजून देतेस ना त्यांना? आणि पोटॅशियमचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, नारळपाणी, केळी द्यायच्या आधी विचार. लोक प्रेमानं आणून देतात आणि घोटाळा होतो.

एकटीच_वाचते

कार्डाचं माहीत नव्हतं. निरोप पाठवलाय. नारळपाणी शेजारच्या कालच देऊन गेल्या होत्या, बरं झालं सांगितलंत.

गुजरीची_वाट

डायलिसिसचे वार कुठले? त्या दिवशी स्वयंपाक करू नकोस. मीठ कमीच घालतो. पत्ता टाक फक्त.

बावड्याचा_पैलवान

आमची रिक्षा आहे ताई. जाता-येता सोडायला सांगा.