हरवल्याच्या मेसेजमध्ये रंग लिहायचा की नाही?

डिचोलकर: गेल्या महिन्यात आमचे मामा न सांगता घरातून निघून गेले, विसरायचा आजार आहे. ग्रुपवर टाकायला मी मेसेज लिहिला, वय 72, उंची 5 फूट 5 इंच, पांढरा लेंगा, निळा हाफ शर्ट, रंग काळा. मामी रडता रडता थांबली आणि म्हणाली काळा काय लिहितोस रे, सावळा लिही. मावशीने त्याचं निमगोरा केलं. संध्याकाळी मामा म्हापसा बसस्टँडवर सापडले तर तिथला चणेवाला म्हणतो, हे दुपारपासून इथंच बसलेत, मेसेज बघितलेला पण त्यात गोरा माणूस होता ना! आता माझी मुलगी म्हणते रंग लिहिणं म्हणजेच रेसिझम. खरं काय?

मांडवीपल्याड: मामा मिळाले हे बरं झालं. रंग लिहायलाच हवा, पोलिसपण विचारतात, रंग, बांधा, चेहरा उभट की गोल. पण फोटो नव्हता का टाकला?

डिचोलकर: होता, पण 20 वर्षांपूर्वीचा, मुंजीतला. त्यातही फोटोवाल्याने उजळ केलेला 😄

अबोली08: तुमच्या मामीवर हसू नका. माझ्या स्थळाच्या कागदावर आईने गव्हाळ लिहिलेलं, बघायला आलेल्या बाई माझ्याकडे बघून आईला म्हणाल्या, गहू जरा भाजलेला दिसतो. मी चहाचा ट्रे हातात घेऊन उभी. 2020 मध्ये फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं, शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला, पण फोनवर अजून पहिला प्रश्न तोच, मुलगी रंगाने कशी आहे. काळा हा शब्द आधी शिवी करून ठेवला, मग वर्णनाला वापरायचा कसा?

हरमलचो वारो: आपल्या माणसाचा रंग चोरायचा आणि परक्याला तोच नाव म्हणून लावायचा, असं आहे आपलं. गोरा दिसला की पाखलो, मूळचा पोर्तुगीजांसाठीचा शब्द, ते 1961 ला गोव्यातून गेले, आता रशियनपण पाखलोच. आफ्रिकन दिसला की खापरी, हा पोर्तुगीज काफ्रवरून आलेला, मोझांबिकहून गुलाम आणायचे त्या काळातला. 2013 ला एका नायजेरियनचा खून झाला आणि त्याच्या लोकांनी पर्वरीला हायवे अडवला, तेव्हापासून आमच्या वाड्यावर कुठलाही काळा माणूस नायजेरियनच. माझ्या शेजारी भाड्याने राहणारा पोरगा टांझानियाचा, दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्याच्यापुढे नुसतं 'काळो' लिहिलंय. वरच्याच ओळीत रशियन बाई आहे, तिचं स्पेलिंग चुकलंय पण नाव आहे.

मांडवीपल्याड: मग त्याचं नाव तू सांग ना दुकानदाराला.

हरमलचो वारो: सांगितलं. म्हणतो जिभेवर बसत नाही. रशियन बाईचं बरं बसलं.

डिचोलकर: वहीचं मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली हेच तर मी सांगत होते. पण मामा परत कधी निघतील सांगता येत नाही म्हणून नवा मेसेज तयार करून ठेवलाय, ताजा फोटो, रंग काळा, उजव्या भुवईवर जुना व्रण. मामीला वाचून दाखवला. तिने 'काळा' राहू दिलं, फक्त म्हणाली, व्रण आधी लिही.