सुतार कामगार संघटनेत नाव नोंदवायचं आहे – नागपूरकरांनो, मदत हवी

माझा धाकटा भाऊ सुतार आहे. बेसा-मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटांत दारं-चौकटी, किचन ट्रॉली, पीओपीआधीचं फ्रेमिंग अशी कामं करतो. वय ३४. ठेकेदार सारखे बदलतात, मजुरी रोख.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ठेकेदार सही करायला तयार नाहीत. कागद दिला की आपल्यावर उपकर (बांधकाम खर्चावर कामगार कल्याणासाठी भरायची रक्कम) निघेल, ही धास्ती. (उपकर तसाही भरायचाच असतो, ते वेगळं.) एक एजंट पैसे घेऊन प्रमाणपत्र ‘करून देतो’ म्हणतो. बोगस कागद नकोय, उद्या मंडळाकडून मिळणारी मुलीची शिष्यवृत्ती त्यावरच अडेल. आधार, बँक पासबुक, फोटो तयार आहेत.

लकडगंजच्या लाकूडबाजारात काहींनी सांगितलं, आधी युनियनचा सदस्य हो. दुकानात बसून फर्निचर करणाऱ्यांची मंडळात नोंदणी होत नाही, हे माहीत आहे. त्याचं काम साइटवरचंच.

नागपुरात साइटवरच्या सुतारांना घेणारी, नोंदणीकृत आणि वर्गणीची पावती देणारी संघटना कोणती? तिच्यामार्फत कोणाला ९० दिवसांचं खरं प्रमाणपत्र मिळालंय का, की महापालिकेकडूनच घ्यावं लागतं? आणि मजुरी बुडाली तर ती संघटना खरंच सोबत येते का?