फ्लॅटच्या किमतीतून फर्निचर वेगळं काढावं का?

रंकाळेकर: कोल्हापुरात ताराबाई पार्कात रिसेलचा फ्लॅट ठरतोय, ६२ लाखाला. मॉड्युलर किचन, तीन एसी, भिंतीतली कपाटं, सोफा, फ्रिज सगळं धरून. एजंट म्हणतो, खरेदीखत ५४ चं करा, ८ लाखांची फर्निचरची वेगळी पावती करू. मुद्रांक शुल्काचे ६ टक्क्यांनी ४८ हजार वाचतील. माझं मत, करावं. जुन्या सोफ्यावर मुद्रांक शुल्क कशापायी भरायचं?

बिंदू चौक: सोफा, फ्रिज ठीक, टेम्पोत घालून नेता येतात. पण भिंतीत बसवलेली कपाटं? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बांधकामाला कायमचं जोडलेलं ते स्थावरच. पावतीत घातलंत तर किंमत लपवल्यासारखंच.

शाहूपुरीवाला: लपवणं कसलं भावा? चार स्क्रू काढले की ट्रॉल्या निघतात. घर सोडताना लोक एसी, गिझर काढून नेतातच की. रक्कम चेकनं द्यायची, पावतीवर एकेक वस्तू लिहायची. यात चोरी कुठं आली?

बिंदू चौक: आकड्यात आली. कडेचं लॅमिनेट सुटलेल्या कपाटाचे दीड लाख लावले तर कोण मानेल?

दस्तवाला: रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला त्या भागातला दर, विसरलात की राव दोघंही! खतातली किंमत आणि रेकनरची किंमत, यातली जी जास्त तिच्यावर शुल्क. समजा रेकनर ५८ आला, तर खत ५४ चं करूनही शुल्क ५८ वरच. वाचले फक्त २४ हजार. वर बँक कर्ज देताना खताची किंमत बघणार. आणि पुढं तुम्ही विकाल तेव्हा खरेदी ५४ चीच धरणार, नफा फुगून दिसणार. आज फायदा विकणाऱ्याचा, घरच्या वापरातल्या फर्निचरवर त्याला भांडवली नफा कर (विक्रीतल्या नफ्यावरचा कर) नाही. एजंटला घाई उगीच नाही.

रंकाळेकर: कर्ज ४० लाखच काढतोय, त्यामुळं बँकेची अडचण नाही. २४ तर २४, सोडायचे कशाला?

कावळा नाका: अहो दादा, खत फक्त वहिनींच्या नावावर करा. महिलांना घरखरेदीत १ टक्का सवलत आहे, ६२ लाखांवर सरळ ६२ हजार. दोघांची नावं घातलीत की सवलत गेली.

शाहूपुरीवाला: हे लई भारी. तरी पावतीचा मुद्दा मी सोडत नाही, दोन्ही करा.

बिंदू चौक: करा, पण कपाटं वगळून. आणि ८ लाखांतले थोडे रोख द्या म्हणाला, तर तिथनंच उठा. आधी रेकनरचा खरा आकडा टाका इथं.