मेडन परत भारतात आली तर कोणती सहसा न वाजणारी गाणी पाहिजेत? (हिट गाण्यांची यादी टाकू नका, ती पाठ आहे)

जालन्याचा बेसवाला
आयर्न मेडन, इंग्लंडचा हेवी मेटल बँड, 2007 ला बंगळुरूला आली, 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत आली, 2009 ला परत बंगळुरू, आन त्यानंतर आपल्याकडं फिरकलीच नाही. समजा आलीच तर ट्रूपर, फिअर ऑफ द डार्क, रन टू द हिल्स हे होणारच, त्याच्यावर वेळ घालवू नका. जे सहसा वाजवत नाहीत त्यातलं काय पाहिजे ते सांगा, आन कामून पाहिजे ते पण सांगा. माझी तीन: इन्फिनिट ड्रीम्स, टू टेम अ लँड, फ्लॅश ऑफ द ब्लेड. तिसरं तर 1984-85 ची ती वर्ल्ड स्लेव्हरी टूर अकरा महिने चालली तरी त्यात एकदा पण वाजलं नाही, पॉवरस्लेव्हसारखा अल्बम नवा कोरा हातात असताना.

एडीचा भाचा, लातूर
सुरू झाले परत. अरे भाऊ, ज्यानं बँड एकदा पण डोळ्यानं पाहिला नाही, उदगीरहून रात्रभर बस धरून मुंबईला जाणार, तिकिटाला अर्धा पगार घालणार, त्याला फ्लॅश ऑफ द ब्लेड पाहिजे का ट्रूपर? तुमचं हे दुर्मिळ दुर्मिळ म्हणजे उगं शायनिंग आहे, मला माहीत आहे तुम्हाला माहीत नाही एवढंच त्यात असतं. आधी हॅलोड बी दाय नेम पूर्ण मैदानासोबत ओरडून घ्या, मग बोला.

गोदाकाठचा
भाच्या, ट्रूपर काढा असं कोण म्हणायलंय? सतरा गाण्यात दोन बदला म्हणायलेत लोक. 2008 ला मी बांद्रा-कुर्लाला होतो, नांदेडहून देवगिरीनं, जनरलला, बॅगेवर बसून. तिथं राइम ऑफ दि एन्शंट मरिनर वाजवलं त्यांनी, तेरा मिनिटाच्या वरचं गाणं, आन मधे ते शांत होतं तेव्हा नुसता बेस टुणटुण करतो, जहाजाच्या लाकडाची करकर येते, कोणीतरी कविता म्हणतं. माझ्या बाजूची चार पोरं म्हणली चला पाणी पिऊन येऊ. गेली. मग बेस हळूहळू चढायला लागला, ड्रम आत आले आन गायक ब्रूसनं ती लांब किंकाळी मारली, तर चौघं पण अर्ध्या वाटेतून गर्दी ढकलत परत, एकाच्या हातात झाकण होतं, बाटली नव्हती. त्यांना ते गाणं आधी माहीत नव्हतं हे मी लिहून देतो. म्हणजे नवख्याला लांब गाणं झेपत नाही हे सगळं आपण घरी बसून ठरवतो.

एडीचा भाचा, लातूर
तेरा मिनिटं म्हणलास ना, मग हिशोब पण कर. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं रात्री 10 ला उघड्यावरचे स्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं, ते गणपती नवरात्रालाच पुरत नाहीत, इंग्लंडच्या बँडला कोण देणार? त्यात सपोर्ट बँड, साउंडचेक, गेटवरचा गोंधळ. एक राइम म्हणजे तीन छोटी गाणी गेली. तुमच्या हौसेपायी एसेस हाय कापलं तर मी पैसे परत मागणार.

सेलूचं लोखंड
वेळेचा मुद्दा बरोबर आहे भाच्याचा, पण त्याच मुद्द्यानं बेसवाल्याची बाजू जड होते की. फ्लॅश ऑफ द ब्लेड चार मिनिटाचं आहे. दुर्मिळ म्हणजे लांबच असतं हे कोणी सांगितलं?

बाकी 'ते कधी वाजवणारच नाहीत' हे वाक्य आता कोणी बोलूच नये. अलेक्झांडर द ग्रेट आठवा. समव्हेअर इन टाइम अल्बमचं शेवटचं गाणं, 1986 चं, लोकं इतकी वर्षं मागायली, बँड काही ऐकेना, आन 28 मे 2023 ला ल्युब्लियानात फ्यूचर पास्ट टूरच्या पहिल्याच शोला धडाक्यात वाजवलं. 37 वर्षं! आन त्या गाण्यात सैन्य थकतं आन भारतापर्यंत त्याच्या मागं यायला नाही म्हणतं असं आहे, सिकंदराची पोरं व्यास नदीवरून मागं फिरली तेच. माझी एकच फर्माईश, हे गाणं भारतात वाजलं पाहिजे. ज्या देशात यायला ते सैन्य नाही म्हणलं तिथं उभं राहून ब्रूसनं ती ओळ म्हणायची, मैदान डोक्यावर घेतील लोक.

जालन्याचा बेसवाला
सेलू, एक नंबर. हे डोक्यात आलंच नव्हतं कोणाच्या.

टू टेम अ लँडचं पण सांगतो. ते ड्यून कादंबरीवर आहे, गाण्याला तेच नाव द्यायचं होतं, लेखकाकडं परवानगी मागितली तर निरोप आला की फ्रँक हर्बर्टला हेवी मेटल बँड आवडत नाहीत, त्यातल्या त्यात आयर्न मेडनसारखे. मग नाव बदललं. 1983 च्या टूरला वाजलं ते. आता ड्यूनचे पिक्चर येऊन गेल्यावर आमच्या इथली बारावीची पोरं पण वाळूतले किडे ओळखतात, ह्यापेक्षा चांगला टाइम कोणता?

आन मी बेसवाला म्हणून बोलतो, मेडनचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस पिक (तार छेडायची पट्टी) वापरत नाही, दोन बोटांनी ती घोड्याची चाल काढतो. मी ट्रूपर वाजवायला घेतलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत दगड होतो. हा माणूस 1956 चा आहे. त्याचा हात चालतोय तोवर अवघड गाणी घ्या ना, सोपी काय नंतर पण होतील.

बीडचा निको
तुम्ही सगळे बेस आन गाण्यावर बोलायलात, ड्रमवर कोण बसलंय ते बघा. निको मॅकब्रेनला जानेवारी 2023 मधे स्ट्रोक आला, तरी तो त्याच वर्षी टूरला उभा राहिला, काही काही फिल (ड्रमचे मधले छोटे तुकडे) त्याला जमेनात म्हणून ते बदलून वाजवले, आन 7 डिसेंबर 2024 ला साओ पाउलोत शेवटचा शो करून टूरमधून रिटायर झाला. आता सायमन डॉसन आहे, हॅरिसच्याच ब्रिटिश लायन ह्या दुसऱ्या बँडमधला. तो गाणी अल्बमच्या स्पीडच्या जवळ वाजवतो, निकोसारखा पळवत नाही. म्हणून मला वाटतं इन्फिनिट ड्रीम्स आता जास्त चांगलं होईल. 1988 च्या शोचं मेडन इंग्लंड रेकॉर्डिंग ऐका, शेवटाकडं सगळे एवढे पळायलेत की गाण्याचा जीव जातो.

एडीचा भाचा, लातूर
ड्रमर राहू दे, गळ्याचं काय? ब्रूस 1958 चा, जिभेच्या कॅन्सरमधून उठलेला माणूस. इन्फिनिट ड्रीम्सचा वरचा पट्टा त्याच्याकडून आता मागणं म्हणजे निर्दयपणा आहे. पट्टी खाली आणली तर तुम्हीच पहिले बोंबलणार.

बीडचा निको
कॅन्सरनंतर त्यानं एसेस हायनं शो सुरू केलेत. एसेस हायनं. पहिल्या गाण्याला, गळा गरम व्हायच्या आधी. मला शिकवू नको.

ब्लेझवाला ताई, परभणी
इतकी चर्चा झाली आन ब्रूस बँडमधे नसताना गाणाऱ्या ब्लेझ बेलीच्या काळाचं नाव एकानं पण घेतलं नाही, अपेक्षा होतीच. 1995 चा एक्स फॅक्टर हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात उदास आन सगळ्यात खरा अल्बम आहे. ब्लेझच्याच काळातली साइन ऑफ द क्रॉस आन क्लॅन्समन 2018 पासूनच्या टूरला वाजवलीच की, ब्रूसच्या गळ्यात मस्त बसली, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. मग लॉर्ड ऑफ द फ्लाइज कामून नाही? 2003 च्या डान्स ऑफ डेथ टूरला ब्रूसनंच म्हणलंय.

सेलूचं लोखंड
ताई, गाण्याला विरोध नाही, पण 2025 ला सुरू झालेल्या रन फॉर युवर लाइव्हज टूरमधे त्यांनी 1980 ते 1992 ची नऊ अल्बमचीच रेघ ओढलीय. त्या टूरचा मूड राहिला तर तुमचं पण गेलं आन माझं आवडतं 2015 चं एम्पायर ऑफ द क्लाउड्स पण गेलं.

ब्लेझवाला ताई, परभणी
रेघेच्या आत तर आत. मग मर्डर्स इन द रू मॉर्ग त्यांनी त्या टूरला पहिलं गाणं म्हणून घेतलं, 1981 चं, ज्याला दुर्मिळच म्हणायचे सगळे. युरोपातल्या स्टेडियमातले लोक झोपले का? नाचले. भाचे, हे तुमच्यासाठी.

एडीचा भाचा, लातूर
बरं. एक, फक्त एक, तडजोड म्हणून. अलेक्झांडर घ्या, सेलूच्या भारताच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण त्याच्या बदल्यात राइम काढायचं, दोन्ही मिळून बावीस मिनिटं जातात आन 10 ला पोलीस वायर काढायला उभे.

गोदाकाठचा
राइमला हात लावायचा नाही. हेवन कॅन वेट काढा पाहिजे तर, 2008 ला ऐकलंय मी, त्याच्यावाचून काही अडत नाही.

जालन्याचा बेसवाला
हेवन कॅन वेट?? गोदाकाठ, तू आता वेगळा धागा काढ, तिथं येतो मी.