मदत हवी आहे: नकाशाच्या मराठी भाषांतरात 'युनिसेक्स'ला काय म्हणावं? आणि 'वापरकर्ता'चं काय करावं?

नमस्कार मंडळी,

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कोणालाही भर घालता येईल असा जगाचा नकाशा. त्यात नोंदी करायच्या 'आयडी' या एडिटरमधली वाक्यं आम्ही चौघं मिळून मराठीत आणतोय. काही शब्दांवर गाडी अडलीय आणि आपसांत एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारते.

वाद सुरू झाला 'मॅन_मेड'वरून. पाण्याची टाकी, विहीर, दीपगृह, कारखान्याची चिमणी, यांतलं काहीही नकाशावर नोंदवायचं तर ही 'की', म्हणजे नोंदीचा प्रकार सांगणारा इंग्रजी शब्द, लागते. तिच्या जागी 'ह्यूमन_मेड' आणावी असा प्रस्ताव २०२० मध्ये आला आणि जगभरच्या मॅपर, म्हणजे नकाशात नोंदी करणाऱ्या, लोकांत मोठी खडाजंगी झाली. विरोधकांचं म्हणणं होतं की हा नुसता संकेत आहे, आणि जुन्या इंग्रजीत 'मॅन' म्हणजे माणूसच होता. शिवाय लाखो नोंदी आणि त्यांच्यावर चालणारी ॲप्स बदलायची म्हणजे मोठंच काम. बाजूने बोलणाऱ्यांना वाटत होतं की नकाशा काढणाऱ्यांत बायका आधीच कमी आहेत, निदान शब्दांनी तरी त्यांना बाहेर ठेवू नये. ती की आजही 'मॅन_मेड'च आहे.

आमच्यातला एकजण म्हणतो, मराठीत हा प्रश्नच येत नाही, 'मानवनिर्मित' लिहायचं आणि पुढे जायचं. त्या एका शब्दापुरतं मला पटतं. पण आपल्याकडे भेद नामापेक्षा क्रियापदात आणि विशेषणात जास्त असतो, आणि तो सहज नजरेतून सुटतो. 'तुम्ही इथे नवे आहात का?' हे वाक्य मीच लिहिलं होतं. आठवडाभराने वाचलं तेव्हा लक्षात आलं की मला स्वतःला विचारायचं तर 'नव्या' हवं. आता तिथे 'नवीन' केलंय, तो शब्द बदलत नाही. 'तुम्ही बदल जतन केलात' यात काही अडचण नाही. बटणावर 'मी स्वीकारतो' होतं, ते 'मला मान्य आहे' केलं. 'मी ही जागा पाहिली आहे' हेही चालतं, कारण तिथे क्रियापद जागेच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. इतपत मराठीच आपल्याला सांभाळून घेते.

अडतं ते तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना. 'वापरकर्त्याने ३ बदल केले.' हा वापरकर्ता पुरुषच. 'वापरकर्ता/वापरकर्ती' अशी तिरकी रेघ मारली तर मोबाइलच्या पडद्यावर वाक्य मावत नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तिथे सदस्याने आपल्या सेटिंगमध्ये लिंग नोंदवलं असेल तर त्याप्रमाणे शब्द बदलता येतो. ओपनस्ट्रीटमॅप खातं उघडताना ते विचारतच नाही, आणि विचारू नये असंच मला वाटतं. माझा कल 'मॅपर'कडे आहे: तो मॅपर, ती मॅपर, 'मॅपरने' दोघांनाही चालतं. आमच्यातल्या ज्येष्ठांना 'नकाशाकार' हवाय. 'या सदस्यांनी ३ बदल केले' असं आदरार्थी लिहिलं तर भेद जातो, पण अनेकजण आहेत असा समज होतो.

आता खरी अडचण, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. सार्वजनिक शौचालयासाठी स्त्रिया, पुरुष आणि 'युनिसेक्स' अशा वेगवेगळ्या नोंदी करता येतात. युनिसेक्स म्हणजे कुठलंही शौचकूप कोणीही वापरावं. आमच्या पहिल्या मसुद्यात त्याचं भाषांतर 'स्त्री-पुरुष दोघांसाठी' असं झालं. मग व्हायचं तेच झालं. सराव करणाऱ्या मुलामुलींनी बस स्थानकाजवळची, डावीकडे महिला आणि उजवीकडे पुरुष अशी दोन वेगळी दारं असलेली शौचालयंसुद्धा युनिसेक्स म्हणून टाकली. त्यांची चूक नाही, आमचे शब्द तेच सांगत होते. मुंबईत 'राइट टू पी' मोहिमेच्या कार्यकर्त्या २०११ पासून बायकांच्या मुतारीसाठी झगडतायत. आपल्या नकाशावर तर बायकांसाठी वेगळी सोय आहे की नाही हेच कळत नाही. नकाशा बघून एखादी बाई तिथवर चालत जाणार आहे हो!

आणि 'दोघांसाठी' म्हटलं की तिसरं कोणी उरतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आहे. आपल्या यादीत त्यांना जागा नसावी हे मला सहन होत नाही. मी 'सर्वांसाठी एकच' सुचवलं. एकाचा आक्षेप आहे की त्यातून 'इथे एकच शौचकूप आहे' असा अर्थ निघतो, आणि तो आक्षेप बरोबर आहे. 'सामायिक' म्हटलं तर ते चाळीतलं वाटतं.

('मॅनहोल'ला मात्र आम्ही एकमताने 'गटाराचं झाकण' केलं. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मॅनहोलकडून मशीन-होलकडे जायचं म्हटलं होतं. तिथे प्रश्न माणूस आत उतरू नये हा आहे, शब्दाने तो सुटणार नाही. पण लोक बोलतात तो शब्द झाकणाचाच.)

तर विचारायचं हे: बायकांची आणि पुरुषांची दारं वेगळी असलेलं शौचालय आणि कोणीही कुठलंही दार उघडावं असं शौचालय, हा फरक तुमच्या गावात दोन-तीन शब्दांत कसा सांगतात? पाटीवर प्रत्यक्ष काय लिहिलेलं असतं? विदर्भ, कोकण, गोवा, कुठलंही चालेल, पाटीचा फोटो असेल तर उत्तमच. तृतीयपंथी वाचक असतील तर त्यांनी जरूर सांगावं की कोणता शब्द वाचून त्या दारापर्यंत जावंसं वाटेल. 'वापरकर्ता'बद्दल मत दिलंत तरी हवंच आहे, पण घाई शौचालयाची आहे, कारण चुकीच्या नोंदी रोज वाढतायत आणि त्या एकेक करून आम्हालाच दुरुस्त कराव्या लागणार आहेत.