ऊसतोडीच्या बाया टीव्हीला दिसतात त्या एवढ्याच का?

वडवणीकरीण:
आई-बाप दोघं तोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी हालते, ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परत. मी आजीपाशी राहून शिकले. उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर एका चॅनलची गाडी आली होती. आई भरभरून बोलली: उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतली, टोळी नेणाऱ्या मुकादमानं किती कापले, रात्री-अपरात्री ट्रक भरायला कसं उठावं लागतं. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ मोजतात, पण उचलीचा अंगठा बापाचाच, हेही सांगितलं. दाखवलं काय? ‘पिशवी (गर्भाशय) काढलीय का?’ या प्रश्नाला आईनं खाली घातलेली मान. मागं रडकं संगीत. कॉलेजात यावरच प्रकल्प करतेय. याहून वेगळं कुणाला बघायला मिळालं का?

तालुका_बातमीदार:
आमच्याकडून डेस्कला आकडा आणि फोटो हवा असतो. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली. मग सगळे धावले. ती बातमी व्हायलाच हवी होती, तिच्यामुळे आमदार नीलम गोऱ्हेंची चौकशी समिती बसली. पण मुकादमाच्या वहीचा फोटो मागणारा संपादक मला अजून भेटायचाय.

निवृत्त_आरोग्यसेविका:
पोरी, माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ‘पाळीमुळे कामाला खाडा पडू नये म्हणून बायका पिशवी काढतात’ असं छापलं की सगळं बाईच्या डोक्यावर येतं. खाड्याचा दंड खराच. पण माझ्याकडे यायच्या त्या अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते म्हणून. फडात ना आडोसा, ना धड पाणी, वर मोळी डोक्यावर घेऊन गाडीची फळी चढायची. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी दाखवून सांगायचे, ‘कॅन्सर होईल, काढून टाका.’ साध्या गोळ्यांनी भागलं असतं अशाही त्यात होत्या. कॅमेरा त्या दवाखान्याच्या पायरीवर किती वेळा गेला? तुझ्या आईच्या दारात मात्र येतो.

शिरोळचा_शेतकरी:
आमच्याकडं कारखान्याशेजारी तोडकऱ्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात. पेपरला येतं ते गाडी उलटली तरच, नाहीतर गाळपाचे टन. पहाटे फडात गेलेली बाई सांजच्याला वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांच्या चाऱ्याला) विकून चार पैसे करते, मग चूल पेटवते. आमचीच माणसं ते वाढं घेताना घासाघीस करतात, हे कुणी छापत नाही. आमालाबी नको असतंय म्हणा.

वडवणीकरीण:
मावशी, दवाखान्याचं डोक्यातच आलं नव्हतं. प्रकल्पात आता तेच मोजते: २०१९ च्या बातम्यांत बोलतं कोण, बाई, डॉक्टर, मुकादम की मंत्री. तालुका_बातमीदार दादा, तेव्हाची कात्रणं ठेवलीत का? आईला विचारलं, परत गाडी आली तर बोलशील का? म्हणाली, ‘आधी हिशेबाचं इचारा, मग बाकीचं.’