आयर्लंडच्या खेड्यातल्या, गोतावळ्याच्या गोष्टी सुचवा ना

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी, क्लेअर कीगनचं 'फॉस्टर' महिन्याभरात दोनदा वाचून झालं, शंभर पानंसुद्धा नाहीत पण मनातून जातच नाहीये. घरात खाणारी तोंडं जास्त, आईला पुन्हा दिवस गेलेले, म्हणून एका पोरीला उन्हाळ्यापुरतं वेक्सफर्डला नात्यातल्या जोडप्याच्या शेतावर नेऊन सोडतात. तिथला माणूस तिला वाटेच्या टोकाला टपालपेटीपर्यंत पळायला लावतो आणि घड्याळात वेळ बघतो, बस एवढंच, पण त्यात किती माया आहे! आणि तो तिचा हात धरून चालतो तेव्हा तिला कळतं की आपल्या बापानं आपला हात कधी धरलाच नव्हता. मी तिथं पुस्तक मिटून दहा मिनिटं नुसती बसून राहिले.
आईला इंग्रजी येत नाही, म्हणून रोज रात्री फोनवर मी तिला थोडं थोडं मराठीत सांगते. तिचा रोजचा प्रश्न, "पोरीला परत नाही ना गं पाठवत?" आता पुढचं पुस्तक हवंय. खून-तपास नको, नुसतं प्रेमप्रकरण नको, अख्खं गाव असलेलं सांगा.

जुनापुराणा:
जॉन मॅकगहर्नची 'दॅट दे मे फेस द रायझिंग सन' घ्या, २००२ची आहे, अमेरिकेत 'बाय द लेक' नावानं मिळते. लंडन सोडून लेट्रिममध्ये तळ्याकाठी राहायला आलेलं जोडपं आणि त्यांचे शेजारीपाजारी. शेजारचा जेमसी दार न वाजवता थेट आत येतो, त्याला सगळ्या गावाची खबरबात हवी असते. घडत तसं काही नाही, गवत कापणं, गुरं, बाजार, कुणाचं आजारपण, पण वर्ष कसं सरतं कळत नाही. कुणी गेलं की शेजारीच त्याची तयारी करतात, खड्डाही तेच खणतात. मेलेल्याचं डोकं पश्चिमेला ठेवायचं, म्हणजे उठेल तेव्हा तोंड उगवतीला, नाव त्यावरूनच आहे. आईंना सांगताना तो भाग जरा सावकाश सांगा, घाई करू नका.

गॉलवेकर:
मी इकडेच राहतो म्हणून लिहितोय, हे नुसतं पुस्तकातलं नाही. आमच्या शेजारचे आजोबा गेले तेव्हा त्यांना घरातच ठेवलं होतं आणि दारापर्यंत लोकांची रांग, प्रत्येक जण आत जाऊन घरच्यांशी हात मिळवतो, दोन शब्द बोलतो, मग स्वयंपाकघरात चहा, आणि सँडविच कोण करून आणतंय ते घरच्यांना माहीतसुद्धा नसतं. मी नवखा, आत जाऊ की नको करत उभा होतो, तर एका बाईंनी दंडाला धरून आत नेलं.
नायल विल्यम्सचं 'धिस इज हॅपिनेस' (२०१९) वाचा. क्लेअर काउंटीतलं एक गाव, कायमचा पडणारा पाऊस थांबतो आणि विजेचे खांब यायला लागतात. इकडे खेड्यांना वीज द्यायची मोहीम १९४६ला सुरू झाली पण काही घरांपर्यंत पोचायला कित्येक वर्षं गेली. आणि एक शब्द लक्षात ठेवा, 'मेहल'. सुगीला सगळे शेजारी आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र ज्याचं शेत त्याच्याकडे.

पाऊसवेडी:
काल आईला हा मेहल सांगितला तर मला पुढं बोलूच देईना, "अगं हे तर आपलं इर्जिक!" म्हणाली. मग तिचंच सुरू झालं, माझ्या आजोबांचा बैल ऐन पेरणीत बसला होता तेव्हा भावकीतले आणि भावकीबाहेरचेही सकाळीच औतं घेऊन आले, आणि आजीनं दिवसभर चुलीपुढं बसून पुरणपोळ्या केल्या. हे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं! मॅकगहर्न मागवलंय, नंतर विल्यम्स. गॉलवेकर, आईनं खास विचारलंय, तिकडे त्या दिवशी जेवायला काय करायचे?

गॉलवेकर:
आईंना नमस्कार सांगा. उकडलेले बटाटे, कोबी, डुकराचं मांस आणि चहा किटल्या भरभरून. शिवाय सोडा ब्रेड, त्यात यीस्ट नसतं, कणीक ताकात भिजवून सोडा घालतात आणि भाजायच्या आधी वर सुरीनं फुली मारतात. ताक घरचं असेल तर आईंना सहज जमेल.